मंडळाची भूमिका: कापूस, सोयाबीन, संत्रा आणि परदेशी व्यापाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचा भाव पडला की आमच्या व्यापारी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्नांची झड लागते. भाव चढला की कोणी काही विचारत नाही. गेल्या काही हंगामांत जे प्रश्न फिरून फिरून आले, ते इथे एकत्र केले आहेत. भूमिका कार्यकारिणीत चर्चा होऊन ठरलेली आहे, पण उत्तरं लिहिणारा चिटणीस आहे, तेव्हा मधूनमधून त्याचं स्वतःचं मत डोकावेल. जिथे सभासदांचं एकमत नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

हे मंडळ नेमकं कोणाचं?

वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरच्या आमच्या भागातले जिनिंगवाले (कापसातून सरकी काढून रुई करणारे), अडते, डाळ मिलवाले, कृषी केंद्रवाले, किराणा-कापडाचे दुकानदार, काही ट्रान्सपोर्टवाले आणि एमआयडीसीच्या छोट्या वसाहतीतले कारखानदार यांचं. नागपूरला नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन या मोठ्या संस्था आहेत. मुंबई-दिल्लीपर्यंत त्यांचा आवाज जातो. आमचा जिल्ह्यापर्यंत जातो. खेड्यातला हिशेब त्या मोठ्या टेबलावर पोचावा, एवढ्यासाठी आमची धडपड.

व्यापाऱ्यांचं मंडळ कास्तकाराच्या भावाबद्दल कशाला बोलतं? तुम्हाला तर माल स्वस्तच हवा ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतो, तरी उत्तर देतो. अडत्याची अडत शेकड्यावर असते. भाव चढला तर त्याचं नुकसान नाही. जिनिंगवाल्याला आजच्या भावापेक्षा जास्त काळजी असते ती महिनाभराने गठाण, म्हणजे दाबून बांधलेली रुई, विकताना भाव काय असेल याची. आणि मेन रोडवरचा कापडवाला, सराफ, मोटरसायकलचा शोरूमवाला, मंडप-बिछायतवाला, या सगळ्यांचं दिवाळीपासून लग्नसराईपर्यंतचं गिऱ्हाईक कापूस-सोयाबीनच्या चुकाऱ्यावरच उभं असतं.

आमच्या एका सभासदाच्या कापड दुकानातली उधारीची वही उघडून पाहा. जूनमध्ये नाव पडतं. पुढे शेरा, ‘पोळ्याला देतो’. तो खोडून ‘दसऱ्याला’. मग ‘कापूस विकला की’. ज्या वर्षी भावाची वाट पाहत कापूस घरातच भरून राहतो, पलंगाखाली, माळ्यावर, आणि लेकरांच्या अंगाला खाज सुटते, त्या वर्षी त्या शेवटच्या शेऱ्यापुढे तारीख पडतच नाही. कास्तकाराच्या भावाशी आमचा संबंध काय, ते त्या वहीत आहे.

कापसाच्या आयात शुल्काबद्दल मंडळाची भूमिका काय?

आधी काय घडलं ते क्रमाने पाहू. 2021 च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर सगळं मिळून 11 टक्के शुल्क बसलं. एप्रिल 2022 मध्ये ते काढलं. मुदत आधी सप्टेंबरपर्यंत होती, मग ऑक्टोबरपर्यंत वाढवली. पुढे ते परत लागलं. 19 ऑगस्ट 2025 पासून पुन्हा माफ. तेव्हाही आधी 30 सप्टेंबरपर्यंतच म्हणाले, आणि दहा-बारा दिवसांतच मुदत 31 डिसेंबरपर्यंत नेली.

आता त्याच वर्षीचं दुसरं पान. 28 मे 2025 रोजी केंद्राने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. लांब धाग्याचा कापूस 7,521 वरून 8,110 रुपये क्विंटल. तो आकडा ऐकून वावरात पऱ्हाटी लागली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. बियाणं, खत, निंदण, डवरण, दोन-तीन फवारण्या, सगळा पैसा मातीत गेलेला. अशा वेळी बाहेरच्या कापसाला दार उघडलं, तेही आमचा पहिला-दुसरा वेचा बाजारात येतो त्या ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी.

शुल्क 11 टक्के असावं, पाच असावं की शून्य, यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण एका गोष्टीवर जिनिंगवाल्यापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत सगळे एक आहेत. जे काय ठरवायचं ते मे महिन्यात, हमीभावाबरोबरच जाहीर करा, आणि पुढचा मे येईपर्यंत त्याला हात लावू नका. पेरणीआधी ‘बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार आहे’ असं कळलं, तर ज्याला तूर वाढवायची तो तूर वाढवेल, जिनिंगवाला त्या हिशेबाने बँकेची मर्यादा ठरवेल. फुलावर आलेली पऱ्हाटी मात्र कोणाला उपटता येत नाही.

32 मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसावर फेब्रुवारी 2024 पासून शुल्क नाही. त्याला आमची हरकत नाही. तो कापूस आपल्या कोरडवाहू जमिनीत होत नाही, उगाच आडवं कशाला जायचं.

मग गिरण्यांनी महाग कापूस घेऊन बुडायचं का? त्याही आपल्याच देशातल्या आहेत.

नाही. इथली रुई शेवटी तमिळनाडू, गुजरातच्या गिरण्यांतच जाते. त्या बंद पडल्या तर आमची गठाण कोण घेणार? पण जी गिरणी माल बाहेर पाठवते, तिला निर्यातीच्या बदल्यात बिनशुल्क कच्चा माल आणायची सोय ॲडव्हान्स ऑथरायझेशनमध्ये पूर्वीपासून आहे. त्या वाटेचा कागदी त्रास कमी करा, म्हणजे निर्यातदाराचं काम होईल आणि सरसकट माफीची गरज पडणार नाही, असं आमचं म्हणणं.

गिरणीवाल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. आपल्या गठाणींत कचरा निघतो. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे, केस, पाला, वेगवेगळ्या प्रतीचा कापूस एकत्र रेचलेला. बाहेरची गठाण एकसारखी असते म्हणून तिला दोन पैसे जास्त द्यायला ते तयार होतात. वेचणीला सुती कापडाची झोळी वापरा, हे आम्ही दरवर्षी सांगतो. पण स्वच्छ कापसाला वेगळा भाव देणारे जिनिंगवाले बोटांवर मोजण्याएवढे, मग कास्तकाराने का ऐकावं?

हमीभाव वाढला तर जिनिंगवाले का कुरकुरतात?

हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण पद्धत हीच.

एक क्विंटल कापूस रेचला की साधारण 34 किलो रुई, 64 किलो सरकी, बाकीची घट. समजा सरकी 3,500 रुपये क्विंटल, तर सरकीचे आले 2,240. कापूस 8,110 ला घेतला, रेचाई, दाबाई, हमाली, व्याज मिळून 400 धरले, तर 34 किलो रुई पडली 6,270 रुपयांना, म्हणजे किलोला 184 च्या वर. खंडी 356 किलोची. खंडीचा पडता भाव झाला साडेपासष्ट हजारांच्या पुढे.

आता बाजारात खंडी 55 हजारांनी विकत असेल तर उलटा हिशेब करा. जिनिंगवाल्याला कापसाला 7,100 च्या आसपासच देणं परवडतं. हमीभाव आणि बाजार यांच्यातला तो हजार रुपयांचा खड्डा कोणीतरी भरायचा असतो. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, खरेदीत उतरली की तो खड्डा सरकार भरतं. उतरली नाही, किंवा उशिरा उतरली, की कास्तकाराचं घर भरतं. खासगी जिनिंगवाला अशा वर्षी आपलं आवार सीसीआयला कामावर देतो किंवा कुलूप लावून बसतो. तो कुरकुरतो ते यासाठी. हमीभाव कमी करा असा ठराव मंडळाने कधी केलेला नाही, करणारही नाही.

खड्डा कसा भरावा यावर मात्र दोन तट आहेत. काहींना फरकाची रक्कम थेट कास्तकाराच्या खात्यात हवी, खरेदी बाजारात होऊ द्या म्हणतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तसं केलं तर व्यापारी भाव आणखी पाडतील, फरक सरकार देणारच आहे म्हणून. मला स्वतःला दुसऱ्या बाजूचं पटतं. मी व्यापारी आहे, व्यापारी काय करेल ते मला माहीत आहे.

सीसीआयच्या केंद्रावर कापूस परत का पाठवतात? मंडळ याबद्दल काही करतं का?

ओलाव्यावरून. 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. त्यावर 12 टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात. 12 च्या वर माल घेतच नाहीत. ग्रेडर गाडीच्या मधोमध मीटरचं टोक खुपसतो. वरचा कापूस उन्हात वाळलेला, आतला सकाळच्या दवाने दमट. आकडा 13 आला की गाडी बाजूला. भाड्याने आणलेल्या गाडीला परतीचं भाडं पडतं, म्हणून तोच कापूस फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खासगी खरेदीदाराला दिला जातो, त्याच्या भावाने. दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस झाला की हे हमखास.

दोन मागण्या आम्ही लावून धरल्या आहेत. एक, बाजार समितीच्या आवारात कापूस पसरून वाळवायला ओटे. दुसरी, गावातच मीटर, म्हणजे निघण्याआधी कळेल. 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयला विकायचं तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा सातबाऱ्यावर पीकपेरा नीट चढलेला नाही, त्यांच्यासाठी आमच्या काही सभासदांच्या दुकानांत नोंदणी करून देतात. याचे पैसे घेऊ नयेत असं ठरलेलं आहे. कोणी मागितले तर कळवा.

अमेरिकेने कर वाढवला. आपल्या तालुक्यातून अमेरिकेला काहीच जात नाही. मग आपलं काय बिघडलं?

27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर अमेरिकेचा जादा कर 50 टक्क्यांवर गेला. आधी 25 होता, रशियन तेलाचं कारण देऊन आणखी 25 लावला. भारतीय तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिरुपूरच्या कपड्याच्या कारखान्याची ऑर्डर थांबली की तो सूत उचलत नाही, सूतवाला रुई उचलत नाही, आणि इथल्या गोदामात गठाणी चढत जातात. जिनिंगवाल्याचा पैसा गठाणीत अडकला की तो दुसऱ्या दिवशीच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, हात आखडतो. साखळी लांब आहे, पण झटका शेवटच्या कडीला बसतोच.

यात आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. अमेरिकेच्या करामुळे कापड उद्योगाला त्रास झाला हे खरं. त्यावर उतारा म्हणून कापसाचं आयात शुल्क काढलं. म्हणजे वॉशिंग्टनने घातलेला दंड शेवटी पांढरकवडा-हिंगणघाटच्या कास्तकाराने भरायचा. कापड उद्योगाला व्याजात सवलत द्या, थेट मदत द्या, आमचा पाठिंबा आहे. ती कच्च्या मालाच्या भावातून वसूल करू नका.

आपला भाव परदेशात ठरतो हे कधीपासूनचं?

खूप जुनं. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलचा भाव लागला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा गेला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वेसुद्धा एका ब्रिटिश कंपनीने कापूस बंदराकडे न्यायलाच टाकली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, आणि सावकाराचं कर्ज राहिलं. लिव्हरपूलची जागा आता न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराने घेतली आहे, एवढाच फरक.

संत्र्याला बांगलादेशाने मारलं म्हणतात. ते कितपत खरं?

बरंचसं खरं, पण पूर्ण नाही.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्र्याचं बांगलादेश हे मोठं परदेशी गिऱ्हाईक. जवळचं, ट्रकने गाठता येणारं, आणि आंबट-गोड चवीचं फळ आवडीने खाणारं. तिथला आयात कर 2019 च्या सुमारास किलोला 20 रुपयांच्या घरात होता. तो वाढत वाढत 2023 मध्ये 88 रुपयांवर गेला. बागेतल्या फळापेक्षा कर मोठा! मग निर्यातदार फक्त मोठं, चकचकीत फळ उचलतो. बारीक फळ नागपूरच्या कळमना बाजारात येऊन पडतं आणि तिथला सगळाच भाव खाली ओढतं. झाडावरच सौदा करून इसार दिलेले व्यापारी इसार सोडून निघून जातात, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने पाहिलं आहे.

बांगलादेशाची डॉलरची चणचण हे एक कारण होतं. आपण कांद्याची निर्यात वारंवार अडवतो त्याचा हा राग आहे, असं अनेक बागायतदार मानतात. ते पुराव्याने सांगता येणार नाही, पण ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी घातल्यावर, शेजाऱ्याने आपल्या संत्र्यासाठी वाकडी वाट करावी ही अपेक्षाही जरा जास्तच. 2024 च्या सत्तांतरानंतर दोन्ही देशांत सीमेवरच्या मालावरून कुरबुरी वाढल्या, एकमेकांचे रस्ते आवळले गेले. अशा भांडणात नाशवंत माल पहिला मरतो.

आता उरलेला भाग. एकाच गिऱ्हाइकावर इतकं अवलंबून राहिलो कसे? नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आणि तरी फळ बियांचं, साल सैल, लांबच्या प्रवासात टिकायला नाजूक. आंबिया बहार एकदम बाजारात येतो. रसाचे, प्रक्रियेचे कारखाने गरजेच्या मानाने फारच थोडे. बांगलादेशाशी बोलणी करून कर कमी करून घ्या ही मागणी आहेच, पण बिनबियांची रोपं, वॅक्सिंग-ग्रेडिंगची केंद्रं आणि शीतगृहं ही कामं ढाक्याने नाही, आपणच करायची आहेत.

सोयाबीनचा भाव तेलामुळे पडतो का?

अर्धं उत्तर तेलात आहे, अर्धं ढेपेत. 100 किलो सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18 किलो. 80 किलोच्या आसपास ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, व्यापारी भाषेत डीओसी. त्यामुळे नुसता तेलाचा कर वाढवून सोयाबीन चढत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण कर 5.5 वरून 27.5 टक्के केला. तेलाचा डबा महागला, आणि सोयाबीन मात्र 4,892 च्या हमीभावाखालीच विकत राहिलं. कारण अर्जेंटिना-ब्राझीलची ढेप स्वस्त, आपली बाहेर जाईना. शिवाय इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा चोथा कोंबडीखाद्यात ढेपेची जागा घेऊ लागला.

मग 31 मे 2025 पासून कच्च्या तेलावरचा कर 16.5 टक्क्यांवर आणला. त्याच आठवड्यात नव्या हंगामाचा 5,328 हा हमीभाव जाहीर झालेला. म्हणजे एका हाताने भाव दाखवायचा, दुसऱ्याने तो मिळायचा रस्ता अरुंद करायचा. निदान पेरणीआधी केलं, एवढं त्याचं कौतुक करू.

आमची भूमिका अशी. रिफाइंड आणि कच्च्या तेलाच्या करातला फरक टिकवा, म्हणजे इथल्या सॉल्व्हंट प्लांटला, तेल काढणाऱ्या कारखान्यांना, काम राहील. ढेपेच्या निर्यातीला वाहतूक सवलत द्या. सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच होणारे सौदे, डिसेंबर 2021 मध्ये बंद केले, ते सुरू करा. वायद्यांवर सभासदांचं एकमत नाही. काही जुन्या अडत्यांना वायदा म्हणजे सट्टा वाटतो. पण पुढचा भाव दिसायची ती एकच खिडकी होती.

तुरीच्या आयातीला विरोध आहे का?

सरसकट नाही. देशात तूर कमी पिकली तर आणावीच लागेल, डाळ 200 रुपये किलो झाली तर आमचा किराणावालाच पहिल्या शिव्या खातो. 2016 मध्ये मोझांबिकशी करार झाला, 2021 च्या मेपासून तूर आयात मोकळी आहे, म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून माल येतो. अडचण येते ती वेळेची. आपली तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. त्या दोन-तीन महिन्यांत बंदरावर बाहेरची तूर उतरू नये, एवढी मर्यादा घाला.

आणि पिवळा वाटाणा! तो डिसेंबर 2023 पासून बिनशुल्क आला आणि बेसनात, डाळीत मिसळत सगळ्याच कडधान्याचा भाव दाबत राहिला. 1 नोव्हेंबर 2025 पासून त्यावर 30 टक्के शुल्क लागलं, तेव्हा जरा दम मिळाला. साठा मर्यादेबद्दलही इथेच सांगून टाकतो. जून 2024 मध्ये ठोक व्यापाऱ्याला तूर-हरभऱ्यासाठी 200 टन, किरकोळ दुकानदाराला पाच टन अशी मर्यादा घातली होती. साठेबाजाला धरा, पण ऐन सुगीत मर्यादा घातली तर खरेदीदारच हात मागे घेतो. ती सुगी सरल्यावर घालावी.

भंडारा-गोंदियाच्या तांदळाबद्दल काय?

तो आमच्या पट्ट्यातला विषय नाही, तिकडचे राइस मिलवाले समर्थ आहेत. गोष्ट मात्र तीच. जुलै 2023 मध्ये पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर 20 टक्के शुल्क, सप्टेंबर 2024 मध्ये पांढऱ्याची निर्यात पुन्हा सुरू. करार करून बसलेल्याचं काय झालं असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मग तुम्ही मुक्त व्यापार करारांच्या विरोधात आहात?

नाही. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी करार झाला. तो लागू होऊन भारतीय कपड्यांवरचा तिथला कर गेला, तर मागणी सुतापर्यंत आणि मग रुईपर्यंत येईल. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतं आहे, त्याचा उपयोग अशाच करारांमुळे होणार.

फक्त करार करताना दिल्लीत कोणीतरी विदर्भाचा नकाशा पुढे ठेवावा. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्यात 51,000 टन कापूस बिनशुल्क येऊ शकतो, आणि 13,700 टन संत्री-मँडरीन निम्म्या शुल्कात. प्रमाण मोठं नाही, घाबरून जाण्यासारखं तर मुळीच नाही. पण आमच्या दोन मुख्य पिकांचा सौदा झाला आणि इथे ते वर्तमानपत्रातून कळलं. वाटाघाटींआधी जिल्हा पातळीवरच्या व्यापारी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचं म्हणणं लेखी मागवावं, ही आमची मागणी आहे.

मला स्वतःला निर्यात करायची आहे. सुरुवात कुठून करू?

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, ऑनलाइन निघतो, पॅनवरच असतो, सरकारी फी 500 रुपये. एजंटला हजारो देऊ नका. हा कोड दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. फळं, धान्य, डाळीसाठी अपेडाची (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) नोंदणी, आणि वनस्पतीजन्य मालाला रोगमुक्तीचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र.

एवढं झालं की लगेच कंटेनर भरायला धावू नका. आधी एखाद्या निर्यातदाराला माल देऊन दोन हंगाम पाहा, नाकारलेल्या मालाचं काय होतं ते शिका. वायगावची हळद, भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. अशा मालात थोड्या वजनावर चांगले पैसे आहेत, वाहतूक परवडते. नव्या माणसाने तिथून सुरुवात केलेली बरी.

जीएसटीबद्दल तक्रारी आहेत का? दर तर कमी झाले ना?

झाले, आणि त्याचा फायदा दिसला. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि ठिबकवर 12 चे 5 टक्के, सिमेंट 28 चं 18. सणाच्या तोंडावर आल्याने दुकानदार खूश होते. पण कीटकनाशकांवर 18 टक्के तसेच आहेत. बोंडअळीशी लढणाऱ्या कास्तकाराला कर परत मिळायची काही सोय नाही, तो त्याच्या खिशातूनच जातो.

जिनिंगवाल्यांचं जुनं दुखणं, कच्च्या कापसावरचा रिव्हर्स चार्ज. कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावर पाच टक्के खरेदीदाराने भरायचे, तेही रोख, आणि रुई विकल्यावर वळते करून घ्यायचे. माल तीन महिने पडला तर पैसाही पडला. बँकेचं व्याज कोण देणार?

दुकानदारांसाठी थोडक्यात: मालाची उलाढाल 40 लाखांपर्यंत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, दीड कोटीपर्यंत कंपोझिशनची, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायची, सोय आहे. 25 किलोपर्यंतच्या छापील पाकीटबंद धान्य-डाळीवर पाच टक्के लागतात, म्हणून 26 किलोच्या बॅगा निघाल्या. कायदा आणि बॅग यांच्यातली ही शर्यत बघायला मजा येते, पण गिऱ्हाइकाला पाच किलोच हवी असते.

मोठी कंपनी सहा-सहा महिने पैसे देत नाही. 45 दिवसांचा नियम लागू आहे का?

तुम्ही उत्पादक किंवा सेवा देणारे असाल, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि सूक्ष्म किंवा लघू गटात येत असाल, तर हो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. त्यापुढे गेलं तर व्याज लागतं, आणि आयकराच्या नियमामुळे पैसे दिल्याशिवाय घेणाऱ्याला तो खर्च दाखवता येत नाही. निव्वळ व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. त्याची उद्यम नोंदणी बँक कर्जापुरती धरतात. अडते आणि ठोक विक्रेते इथेच फसतात. ते बदलावं, ही मागणी प्रलंबित आहे.

समृद्धी महामार्ग झाला, आता काय रडता?

701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला आणि नागपूर-मुंबई वेळ वाचला, हे मान्यच. पण आमची गठाण समृद्धीवर चढायच्या आधी खड्ड्यांचा तालुका रस्ता पार करते, आणि चढली की टोल भरते. जड मालाला रेल्वे परवडते. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, पुढचं काम रेंगाळतं आहे. तो मार्ग नांदेडपर्यंत झाला तर यवतमाळच्या कापसाला दक्षिणेतल्या गिरण्या जवळ येतील. एका नव्या महामार्गापेक्षा आम्हाला तो रूळ जास्त हवा.

विजेबद्दल मंडळ सारखं का ओरडतं?

एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. कोराडी, खापरखेडा वेगळे. कोळसा आमचा, राख आमची, उन्हाळ्यातला 46 अंशांचा पाराही आमचा, आणि कारखानदार वीजबिल पाहून छत्तीसगडला जायचा विचार करतो. विदर्भ-मराठवाड्यासाठी 2016 मध्ये वीज सवलत सुरू झाली. ती दर वेळी किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो. पाच वर्षांचा दर लिहून द्या. एवढा कमी नसला तरी चालेल, पण ठरलेला असू द्या.

वेगळ्या विदर्भाबद्दल मंडळाचं मत काय?

मंडळ म्हणून मत नाही. सभासदांत सगळ्या रंगांचे लोक आहेत, आणि या विषयावर सभा घेतली तर चहा थंड होतो. 1953 चा नागपूर करार आणि घटनेच्या 371 (2) कलमाखालचं विकास मंडळ यांचा उल्लेख निवेदनांत येतो, कारण त्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि अनुशेष मोजणारी हक्काची जागा गेली. तेवढ्यापुरतं आम्ही बोलतो.

निवेदनं देऊन काही होतं का?

बरेचदा नाही. फोटो निघतो, शिक्का मिळतो. जिथे आकडे घेऊन गेलो तिथे थोडं फार झालं, जिथे घोषणा घेऊन गेलो तिथे काहीच नाही. म्हणून आता प्रत्येक निवेदनाला वरच्यासारखा एक हिशेब जोडतो: क्विंटलचा, खंडीचा, गाडीभाड्याचा. अधिकाऱ्याला तो खोडून काढायला तरी वाचावा लागतो.

सभासद कसं व्हायचं? कास्तकार होऊ शकतो का?

व्यवसायाचा परवाना, जीएसटी क्रमांक किंवा उद्यम प्रमाणपत्र यांपैकी एक, आणि दोन सभासदांची सूचना-अनुमोदनाची सही. शेतकरी उत्पादक कंपनी सभासद होऊ शकते, मतदानाचा हक्क इतरांइतकाच. एकट्या कास्तकाराला सभासद करून घ्यायचं की नाही यावर येत्या सर्वसाधारण सभेत ठराव आहे. अडते मंडळींचा त्याला विरोध आहे, माझं मत बाजूने आहे. बाजार समितीला सुट्टी असते त्या दिवशी दुपारी कार्यालय उघडं असतं, बाकीच्या दिवशी सगळे हर्रासात असतात. अर्ज घेऊन येताना फोटो दोन आणा, झेरॉक्सचं दुकान समोरच आहे पण दुपारी लाइट नसते.